खिळ्यानं खोडलेलं नाव

मावशी, पिठावर काहीच उमटलं नाही.

मधल्या खोलीत, जिथं तुला शेवटी खाली घेतलं, तिथं थोरल्या आत्यानं त्याच संध्याकाळी गव्हाचं पीठ पसरलं, हातानं सारखं केलं, शेजारी दिवा लावला आणि वर पाटी पालथी घातली. गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला ते सकाळी पिठात दिसतं, असं आपल्याकडं मानतात. आजोबांच्या वेळी पाखराचं पाऊल दिसलं होतं म्हणे, बाबांच्या वेळी बैलाचा खूर. तू तेव्हा पदराआड हसली होतीस आणि नंतर मला म्हणाली होतीस, "खूर कसला, पाटी ठेवताना आत्याचा अंगठा लागला असेल." सकाळी आत्यानं पाटी उचलली आणि ती उकिडवी बसली ती बसूनच राहिली. आदल्या संध्याकाळी पीठ सारखं करताना तिच्या चार बोटांच्या रेघा राहिल्या होत्या, त्या मी स्वतः बघितल्या होत्या. त्याही नव्हत्या.

"असं कधी बघितलं नाय बाई," आत्या म्हणाली. "पुसून घेतल्यावानी झालंय. ती गेली नाय रं. हितंच हाय." मग पिठाकडं बघत ती हलकेच म्हणाली, "शालिने, जा गं माय आता." ती तुझ्याशी बोलत होती की आईशी, हे मला कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

तुला आपली गोष्ट मी सांगायची म्हणजे शहाण्याला शिकवण्यातला प्रकार. पण तू गेल्यापासून ती माझ्या डोक्यात उलटसुलट फिरते आहे, म्हणून एकदा ओळीनं म्हणून बघतो. माझी आई शालिनी. मी आठ वर्षांचा असताना ती गेली. वर्षभरानं तू, तिची पाठची बहीण, पिशोरहून देवगाव रंगारीला आमच्या घरात बाबांची दुसरी बायको म्हणून आलीस. तुझं नाव कुसुम. लग्नात ताटात तांदूळ पसरून बाबांच्या हातात अंगठी दिली, तेव्हा नवीन नाव काय लिहायचं ते आत्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. "शालिनीच लिही. रेशनकार्डात तेच हाय, भांड्यांवर तेच हाय. कशाला बदलाबदली?" घरात दिवा बदलावा इतक्या सहजपणे तिनं ते सांगितलं. बाबांनी खाली मान घालून आपल्या मेलेल्या बायकोचं नाव तांदळात पुन्हा लिहिलं.

मी नऊ वर्षांचा होतो आणि तुला घाबरत होतो. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझं नाक आईचं होतं, चालणं आईचं होतं. तू आईचं हिरवं लुगडं नेसून चुलीपाशी पाठमोरी बसायचीस. बाबा बाहेरून म्हणायचे, "शालिनी, पाणी," आणि तू तांब्या घेऊन उठायचीस. मला वाटायचं, ही वळली की तोंड आईचंच असेल, फक्त मला ओळखणार नाही. मी कणगीच्या मागं जाऊन बसायचो. पिशोरला गेलं की आजीसुद्धा तुला शालिनी म्हणायची आणि म्हणता म्हणता रडायची. जिवंत माणसाला मेलेल्याच्या नावानं हाका मारायच्या आणि त्यानं उठून जायचं, यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

तू आलीस त्या आठवड्यात मांडणीवर नवी भांडी दिसली. चार ताटं, एक तांब्या. आईच्या हातात ती मी कधी बघितली नव्हती, तेव्हा ती तुझीच असणार. काठाखाली नाव होतं, 'सौ. शालिनी'. मला इतका राग आला की कान गरम झाले. माझ्या आईचं नाव ही बाई आपल्या भांड्यांवर मिरवते! दुपारी सगळे शेतात गेल्यावर गोठ्यातला एक खिळा घेतला आणि पाचही भांड्यांवरचं नाव खरवडून काढलं. हात दुखेपर्यंत खरवडलं.

तू संध्याकाळी भांडी बघितलीस. तांब्या हातात घेऊन उजेडाकडं धरलास, बराच वेळ. मग माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं, आता बसतो रट्टा. तू उठलीस. माळ्यावरची ट्रंक काढलीस, तिच्यातून दुसरं ताट काढलंस, धुतलंस, माझ्यापुढं वाढलंस आणि म्हणालीस, "हे तुझ्या आईचं ताट. यातच जेवत जा. जपून वापर." त्यावर 'सौ. शालिनी' नाव अगदी स्वच्छ होतं. खरवडलेल्या ताटात तू स्वतः जेवायला बसलीस. मला मनातून बरं वाटलं. सावत्र आईला धडा शिकवला, असं.

पुढं तू गावच्या शाळेत शिकवायला लागलीस, आणि आठवीत तू मला इतिहासाला होतीस. शालिनीबाई. पुस्तकात मिसर देशाला, म्हणजे इजिप्तला, जेमतेम चार ओळी, पण तू चार तास घेतलेस. राजांच्या रांगेत पुरलेली मेरनीथ, जिला शोधणाऱ्यांनी आधी पुरुषच समजलं, कारण तिथं बाई असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. सोबेकनेफेरू, जिनं बाईच्या कपड्यांवरून राजाचं वस्त्र नेसलं. आणि तुझी लाडकी हातशेपसुत, जिचा नवरा मेला आणि सवतीचं पोर लहान होतं, म्हणून तिनं त्याच्या नावानं कारभार हातात घेतला आणि पुढं स्वतःच राजा झाली, खोटी दाढी लावून. पोरं खिदळली. "हसा," तू म्हणालीस. "दाढी नसती तर कुणी ऐकलं असतं का तिचं?" त्याच वर्षी बाबा गेले. दुसऱ्या महिन्यात तू बाबांचा खाकी कोट लुगड्यावर चढवून मोटार चालू करायला मळ्यात जायला लागलीस, आणि गावातली माणसं पारावर बसून तुला हसली. मला मात्र हसू आलं नाही. कोटाच्या बाह्यांतून तुझी बोटंसुद्धा दिसत नव्हती.

त्या तासाला तू फळ्यावर खडूनं तिची आकृती काढलीस, मग डस्टर घेऊन कडेकडेनं, फक्त आकृतीवरून फिरवलंस. "हातशेपसुत मेल्यावर तिच्या सावत्र पोरानं, थुतमोसनं, छिन्नी लावून देवळातली तिची चित्रं आणि नावं काढून टाकली. पण बघा." आम्ही बघितलं. फळ्यावर तिच्याच आकाराचा एक पुसट डाग उभा होता. "इतकं नेमकं पुसलं की तीच दिसते," तू म्हणालीस, आणि मला खात्री आहे, माझ्याकडं बघून म्हणालीस. मी वहीत डोकं घातलं. तेव्हापासून तू मला चिडवायला थुतमोसराव म्हणायला लागलीस. "काय थुतमोसराव, दूध प्यालात का?" हिला खिळा माहीत आहे की काय?

मग आपलं ते भांडण सुरू झालं. मी म्हणायचो, त्याला तिचा द्वेष होता. तू म्हणायचीस, "द्वेष वीस वर्षं थांबतो व्हय रे? ती मेल्यावर वीसेक वर्षांनी त्यानं छिन्नी काढली. त्याला आपल्या पोराचा रस्ता साफ करायचा होता. सोय बघितली त्यानं." मी म्हणायचो, सोयीसाठी कुणी आईचं नाव खोडत नाही. तू हसून विचारायचीस, "सावत्र आईचं?" मी विषय बदलायचो. तिनं उभारलेले उंच दगडी खांब त्यानं भिंती बांधून झाकले, आणि झाकल्यामुळंच ते खालून कोरेकरकरीत राहिले, हे सांगताना तुला फार मजा वाटायची. शहरात सिडकोत घर घेतलं, मी वाळूजला नोकरीला लागलो, तरी हे भांडण चालूच. गेल्या महिन्यात अंथरुणावरून तू विचारलंस, "ठरलं का रे तुझं? द्वेष का सोय?" मी बूट घालत होतो. म्हणालो, नंतर बोलू, कंपनीत मीटिंग आहे.

माझ्या लग्नाची पत्रिका छापायची होती तेव्हाचं आठवतं का तुला? विचारायलाच नको. आईवडिलांच्या ओळीत कै. सौ. शालिनी असं आईचं नाव होतं, खाली निमंत्रक म्हणून श्रीमती शालिनी, तू. प्रेसवाला म्हणाला, "साहेब, एकच नाव दोनदा, तेही एकदा कै. लावून. लोक म्हणतील चूक झाली." मी क्षणभर विचार केला आणि म्हणालो, मग वरचं एकच ठेवा. पत्रिका घरी आल्यावर तू चष्मा लावून वाचलीस. पूर्ण वाचलीस. "मी मेले वाटतं रे," तू म्हणालीस. मग पत्रिका कपाटात ठेवता ठेवता, "थुतमोसनं निदान वीस वर्षं दम धरला. तुला अठराव्याच वर्षी घाई झाली." आणि हसलीस. मीही हसलो. मावशी, त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. राखेत तुझी एक दाढ हाताला लागली. तू सांगितलेलं आठवलं. हातशेपसुतच्या दाईच्या थडग्यात जमिनीवर पडलेली एक बिननावाची ममी, राणीचं नाव असलेल्या एका पेटीतली दाढ तिच्या तोंडात बसवून बघितली आणि म्हणाले, हीच हातशेपसुत. तुला ते पटलेलं नव्हतं. "एका दाढेवरनं बाई कोण ते ठरवता व्हय?" मी ती दाढ मुठीत धरून उभा राहिलो. भटजींनी विचारलं, "मातोश्रींचं नाव?" मी शालिनी म्हणालो, आणि मला वाटलं मूठ थंड पडली. राख अजून कोमट होती.

त्या दिवसापासून घरात भांडी वाजायला लागली. तुझी सून मेघा म्हणते उंदीर. आत्या पदर डोक्यावर ओढते. दुपारी चारच्या सुमाराला, तुझ्या चहाच्या वेळेला, मांडणीवर ताटाला ताट लागल्याचा आवाज येतो. एकच. जाऊन बघावं तर सगळं जागच्या जागी. दोनदा असं झाल्यावर मी पाटावर बसून वाट बघितली. आवाज माझ्या देखत झाला. एकही ताट हललं नव्हतं.

सहाव्या दिवशी पिशोरहून अण्णामामा आला, तुम्हा दोघींचा भाऊ. मेघानं त्याला जेवायला वाढलं, नेमकं तुझ्या खरवडलेल्या ताटात. मला माझ्या ताटात. मामानं घास हातात घेतला आणि तसाच थांबला. वरण बाजूला सारून काठावर बोट फिरवलं.

"हे ताईचं ताट. कुणी खरवडलं रं?"

"मामा, ते मावशीचं. आईचं हे," मी माझं ताट पुढं केलं.

"येडा का काय तू? ताईच्या लग्नात नाव ठोक्यानं घातलं व्हतं. छिन्नी-हातोडी घेऊन, एकेक टिंब. कुसुमच्या येळला शहरात गुलमंडीवर मशीन नवं आलं व्हतं. लोक बघाया यायचे. दोन्ही येळला दुकानात मीच बसलो व्हतो की! हे तुझं बघ, एकसारखी रेघ. मशीनचं हाय. हे कुसुमचं. ताईनं आपली भांडी ट्रंकेत जपून ठेवली व्हती, कधी काढलीच नाय. कुसुमनं आल्या आल्या ती वर काढली. म्हणाली, बहिणीची हायेत, पोराला तिच्या ताटात जेवू दे."

मी मामापुढचं ताट रिकामं केलं, धुतलं, खिडकीपाशी नेलं. खिळ्याच्या रेघांच्या खाली, बोटाला, टिंबं लागत होती. मी डोळे मिटून ती वाचली. शा. लि. नी. माझ्या आईचं नाव मी माझ्या हातानं खरवडलं होतं. आणि तू त्या संध्याकाळी तांब्या उजेडाकडं धरून हे बघितलंस, नऊ वर्षांच्या पोराकडं बघितलंस, आणि आपलं ताट काढून त्याला आईचं म्हणून वाढलंस. पस्तीस वर्षं. माझ्या लग्नानंतर, मला पोर झाल्यावर, अगदी अंथरुणावरूनही तू बोलली नाहीस. मी थुतमोसराव ऐकून घाबरत राहिलो आणि तू मला नुसती चिडवत होतीस. मी मामासमोर ढसाढसा रडलो. मामाला कारण कळलं नाही. तो म्हणत राहिला, "जाऊ दे रं, ताटच हाय."

आता मला उत्तर देता येतं, मावशी. दोन्ही मी केलेलं आहे. खिळा हातात होता तेव्हा द्वेष होता, आणि तो तू एका ताटानं संपवलास. पत्रिका केली तेव्हा माझ्या मनात तुझ्याबद्दल कणभरही द्वेष नव्हता. मी प्रेसवाल्यानं मागवलेला चहा पीत होतो. तुझंच बरोबर होतं. सोयच होती ती. भांडण तू जिंकलीस आणि मी ते मान्य करायला सहा दिवस उशिरा आलो.

तेराव्याला वाटायला वाट्या आणल्या, त्यांवर 'स्मरणार्थ' नाव घालायचं होतं. आत्या म्हणाली, शालिनी घाल, दुसरं कोण ओळखतंय. मेघा म्हणाली, "आई असं घाला की, तेवढंच म्हणायचं राहिलंय." मला ते पटत होतं. रात्रंदिवस मनात तोच शब्द येत होता. पण रडताना मी ज्या आईला हाक मारत होतो ती कोण, हे मलाच सांगता येईना. पस्तीस वर्षं तू माझ्या आईच्या नावाखाली राहिलीस, तिच्या लुगड्यात, तिच्या चुलीपाशी. आता तुला आई म्हणायचं म्हणजे परत तिच्याच खाली पुरायचं. आणि तू स्वतःही मला कधी ते म्हणू दिलं नाहीस. "मी मावशी. ताईची जागा ताईची," असं म्हणायचीस.

बाराव्या दिवशी दुपारी वाट्यांची पिशवी घेऊन मी गुलमंडीवर गेलो. दोन कापडदुकानांच्या मधल्या बोळात नावं घालणारा म्हातारा बसतो. मशीन चालू होतं, त्याच्या हाताखाली कुणाचा तरी हंडा थरथरत होता.

"नाम क्या डालना, भाई?"

"कुसुम," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते नाव पहिल्यांदाच बाहेर आलं.

"जोर से बोलो. मशीन में सुनाई नै आता."

"कुसुम!"

"क्या?"

मी पिशवी खाली ठेवली आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल असा ओरडलो, "कुसुम! कुसुममावशी!"

"ओ," माझ्या मागून, अगदी जवळून आवाज आला. "आले रे."

मी वळलो नाही. गुलमंडीवर भर दुपारी कितीतरी कुसुम असतील, कुणी तरी साडी घ्यायला आली असेल, हे मला कळत होतं. तरी मी वळलो नाही. म्हाताऱ्यानं मशीन थांबवलं, चष्मा वर केला आणि माझ्या खांद्यावरून पलीकडं बघितलं. मग पायानं आपल्या जवळचं लाकडी स्टूल माझ्या मागं सरकवलं.

"बैठो अम्मा," तो म्हणाला. "आपकाच नाम डाल रहा हूँ."

स्टूल करकरलं. त्यानं पिशवीतली पहिली वाटी उचलली.